उष्टी हळद

नवरदेवाची उष्टी हळद घेऊन सोनगीरच्या बायका यावलला पोचल्या, तेव्हा प्रमिला पाटावर बसली होती आणि तिची आई यशोदाबाई तिच्या डाव्या अंगाला चिकटून उभी होती. बसा म्हटलं तरी बसत नव्हती.

डावा गाल नवा होता. लहानपणी गळू होऊन तो आत बसला होता. पंधरवड्यापूर्वी मुंबईच्या डॉक्टरनं प्रमिलाच्या मांडीतली चरबी नळीनं ओढून काढली आणि त्या खळग्यात भरली. सासरी यातलं कुणाला ठाऊक नव्हतं. पाहुणे बघायला आले तेव्हा मुलीला डावी बाजू भिंतीकडे करून बसवलं होतं, आणि मुंबईची फेरी मामाकडच्या केळवणाच्या नावावर खपून गेली होती. "गाल चोळायचा नाही, दाबायचा नाही," डॉक्टरनं बजावलं होतं. "आणि यातली बरीचशी चरबी पुढं जिरून जाईल." त्यावर यशोदाबाईनं एवढंच विचारलं होतं, "लग्नापर्यंत राहील ना?"

व्हिडिओवाल्यानं दिव्याचा झोत तोंडावर धरला. नवरदेवाची आत्या द्रौपदाबाई वाटी घेऊन पुढं आली. तिला सगळे फुई म्हणत. फुईचा हात दळणकांडणाचा, आणि हळद म्हणजे रंग चढला पाहिजे हे तिचं मत. तिनं आधी उजवा गाल रगडला, मग डाव्याकडं वळली आणि थांबली.

"हाऊ गाल सुजेल दिखस."

"दाढ दुखतेय तिची," यशोदाबाई घाईनं म्हणाली. "तिथं नुसतं बोट टेकवा, फुई."

"दाढले हयदच बेस," म्हणत फुईनं तळवा भरून हळद डाव्या गालावर थापली आणि चांगली चोळली.

प्रमिलानं दात आवळले. आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. ओरडले तर संपलं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते. त्यांनी गाणं आणखी चढ्या आवाजात घेतलं. फुईनं हात काढला. गाल जागेवर होता. यशोदाबाईनं कुलदेवीला मनातल्या मनात हात जोडले.

मग फुईनं व्हिडिओवाल्याला बाहेर हुसकावलं, पदर खोचला आणि पायांना हळद लावायला बसली. यशोदाबाई आता निर्धास्त होती. तिच्या घरात हळद घोट्यापर्यंतच लावत. म्हणून तर डॉक्टरनं मांडीला बांधलेला पट्टा तिनं सकाळी आपल्या हातानं सोडून ठेवला होता. फुईच्या घरची रीत वेगळी होती. तिनं प्रमिलाचं लुगडं सरळ गुडघ्याच्या वर सारलं.

मांडीपासून पार पोटरीपर्यंत रक्त साकळलेलं होतं. काळंनिळं, कडांना पिवळं पडत चाललेलं.

फुईनं झटकन लुगडं खाली ओढलं. "जा वं, गरम पानी देखा," म्हणून बाकीच्या बायकांना तिनं चुलीकडं पिटाळलं. खोलीत तिघीच उरल्या. फुई प्रमिलाच्या कानाशी वाकली. तिचा आवाज एकदम बसला होता.

"कोनी मारं वं तुले? बापनी?"

प्रमिलानं आईकडं पाहिलं.

बाप, रुपचंद, बाहेर मांडवात आंब्याची पानं बांधत होता. पोरीवर आवाज चढवायचा म्हटलं तर त्यालाच ठसका लागायचा. मुंबईत गालाची पट्टी सोडली तेव्हा तो जिन्यात जाऊन रडला होता, आणि परतीच्या गाडीत तिला धक्का बसू नये म्हणून रात्रभर तिचं डोकं मांडीवर धरून बसला होता. त्यानं मारलं म्हणायला जीभ रेटत नव्हती. मग हे डाग कसले, ते सांगावं लागणार होतं. मांडीचं सांगितलं की गालाचं आलंच.

"तू लगीनले नही म्हनी व्हती का?" फुईनं पुन्हा विचारलं.

"नाही हो, फुई," यशोदाबाई म्हणाली. "तिचे वडील जरा... तापट आहेत. हात लवकर उठतो त्यांचा. तेवढं सोडलं तर माणूस सोन्यासारखा आहे."

प्रमिलानं मान खाली घातली. बाहेरून बापाचा आवाज आला. तो ढोलवाल्याला विनवत होता, "हळू वाजव रे भाऊ, पोरीचं डोकं दुखतंय."

ते फुईच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. तिच्या कपाळावरची आठी मात्र गेली. चुकून परक्या घरात शिरलेल्या माणसाला आपल्यातलंच कुणी भेटावं, तसं तिचं तोंड सैल झालं.

"मंग काही बात नही. तुमनी पोरले सवय शे, हाई बेस व्हयनं," ती म्हणाली. "मना भाचा बी तापटच शे. त्याना बाप बी तसाच व्हता."

तिनं लुगडं पुन्हा वर सारलं, हळदीत बोटं बुडवली आणि त्या काळ्यानिळ्यावर लावू लागली. गाल रगडणारा तो हात आता पिसासारखा फिरत होता. कुठं दुखतं, कुठं बोट टेकवायचं नाही, कडेकडेनं आत कसं यायचं, सगळं त्या हाताला पाठ होतं. प्रमिलाला जराही दुखलं नाही. तरी तिनं पाय आखडून घेतले.

"घाबरू नको, बेटा," फुई मायेनं म्हणाली. "आमना घरमा हयद कधी सरत नही."