न उघडलेली नोंद

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण कान देऊन ऐका.

बोडिल ते ईमेल तिसऱ्यांदा बघत होती. सकाळीच चर्चच्या संगणकात नवी प्रणाली बसली होती. त्याआधी तिने जुनी पत्रं एकूण एक जतन केली; सेटिंग तेवढी सोडून दिली. अक्षरं लहान की मोठी, एवढंच असणार त्यात! बेटावरचे जन्म-मृत्यू तीच नोंदवायची. ईमेलचा विषय होता ‘मृत्यूची नोंद’. आत लिहिलं होतं: थोर्किल बाक, गुरुवारी. आज मंगळवार होता आणि थोर्किल खिडकीबाहेर दफनभूमीतली पानं गोळा करत होता.

“थोर्किल, परवा तू मरणार आहेस म्हणे!”

“मग उद्याचा केक सगळा माझा. नाहीतर एकटीच फस्त करशील, भवाने!”

दोघं पोट धरून हसली. गुरुवारी थोर्किल पानांच्या ढिगाशेजारी कोसळला तो उठलाच नाही.

शुक्रवारी त्याच पत्त्यावरून दुसरं ईमेल आलं. विषय तोच. बोडिलने तिच्याआधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या रिग्मोरला फोन लावला.

“सेटिंग जतन केली नाहीस?” रिग्मोर ओरडलीच. “अगं बये, तो पत्ता मी त्यात अडवून ठेवला होता! आधी सात उघडली मी. सातही माणसं गेली. अडवल्यापासून नऊ वर्षांत इथं अवेळी कोणी गेलं नाही. उघडलं की घडतं, बोडिल.”

म्हणजे थोर्किलचं आपणच उघडलं.

“माझा मुलगा एरलिंग सकाळपासून समुद्रावर आहे. फोन लागत नाही. त्याचंच नाव असलं तर?”

“असलं तर उघडू नकोस. नसलं तरी उघडू नकोस.”

बाहेर धुकं दाटत होतं. बोडिलने बोट त्या ओळीवर नेलं. मग तिने डोळे मिटले. “देवा, तुझं तुझ्यापाशीच राहू दे,” ती पुटपुटली आणि तो पत्ता पुन्हा अडवला.

अंधार पडायच्या आत एरलिंगची होडी धक्क्याला लागली.

नाव त्याचं होतं की दुसऱ्या कुणाचं, ते तिला कधीच कळणार नाही. म्हणून आता वाटेत भेटेल त्याला ती थांबवते, हात हातात घेते, घरचं विचारते. हाच असेल, किंवा ही असेल. ते नाव आपलं स्वतःचंही असू शकेल, हे मात्र तिच्या मनाला अजून शिवलेलं नाही. हात जोडाल तेव्हा बोडिलची तेवढी आठवण ठेवा.