शिकागो पद्धतीने

आपल्या हॉट डॉगच्या गाडीसमोरच्या रांगेतल्या चौथ्या माणसाचा आवाज उल्काने वर न बघता ओळखला. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तो माइक हातात आला की सोडत नसे. आता तो दोन डच सहकाऱ्यांना इंग्रजीत हॉट डॉग समजावून सांगत होता.

"शिकागोला मी दोन वर्षं होतो. तिथे पाव खसखशीचाच लागतो. वर मोहरीचा सॉस, कांदा, टोमॅटो, काकडीचं लोणचं. आणि केचप? शिकागोत केचप मागितलंत तर लोक तुमच्याकडे बघणारही नाहीत. आणि सॉसेज फक्त बीफचं. चिकन वगैरे ही सगळी बनवाबनवी."

डच माणसं मान डोलावत होती. हरिहरकाकांना मान डोलावणारी माणसं आवडत.

आठ दिवसांपूर्वी याच हरिहरकाकांनी अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता. गेली पाच वर्षं गणपतीचे उकडीचे मोदक उल्का करत होती. यंदा ते दुसरीकडून आणायचे ठरले होते, कारण 'जे हात रोज गोमांस हाताळतात, त्या हातांनी नैवेद्य करणं कितपत योग्य, याचा विचार अध्यक्ष या नात्याने मला करावाच लागतो'. नाव कुठेच नव्हतं. त्याची गरजही नव्हती. खाली सत्तावन्न जणांनी हात जोडले होते. त्यांतल्या निम्म्या घरांतल्या डोहाळजेवणांना उल्काच्या हातचे मोदक गेले होते. नवरा रविकांत म्हणाला होता, "सोडून दे गं, कशाला वाद." ती त्यानंतर दोन रात्री रडली होती.

रांग सरकली. हरिहरकाका गाडीसमोर आले, तरी त्यांची मान सहकाऱ्यांकडेच होती. टोपी आणि एप्रन घातलेल्या बाईकडे बघायची त्यांना सवय नसावी.

"थ्री शिकागो," ते म्हणाले. "प्रॉपर ओन्स."

उल्काने तीन पाव वाफेवर ठेवले. मग मराठीत विचारलं, "काका, तिन्ही बीफचेच ना?"

हरिहरकाकांनी वर पाहिलं. तिची गाडी आपल्याच ऑफिसजवळ उभी असते हे त्यांना माहीत नसावं. त्यांनी एकदा गाडीवरच्या पाटीकडे पाहिलं, एकदा मागे, रांगेत आणखी कोणी ओळखीचं आहे का म्हणून.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" त्यांच्यातल्या उंच सहकाऱ्याने विचारलं.

"हो, म्हणजे... आमच्या कम्युनिटीतली आहे," हरिहरकाका इंग्रजीत म्हणाले. लगेच सावरून हसले. "फार सुंदर गोड पदार्थ करते. आमच्या उत्सवात तिच्या हातचं खायला लोक लांबून येतात."

उल्काने चिमट्याने सॉसेज उचललं. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. पण समोर एक घाबरलेला, पोट सुटलेला माणूस उभा होता, आणि या माणसासाठी आपण दोन रात्री उशी ओली केली याचीच तिला शरम वाटली.

हरिहरकाका काउंटरवर वाकले. आवाज खाली आला, मराठी झाला.

"उल्का, ते मोदकांचं... यंदा तूच कर. मी कमिटीशी बोलतो. थोडा गैरसमज झाला होता."

"कोणाचा?"

"आता कोणाचा म्हणजे... झाला होता एवढंच."

"मग ग्रुपवर लिहा तसं."

"ग्रुपवर कशाला? आपसात मिटवू की. आणि हे बघ, परदेशात नोकरी करायची तर चार लोकांबरोबर असं काहीबाही खावं लागतं. घरचं वेगळं, बाहेरचं वेगळं. तुला कळतं ते."

"मला नव्हतं कळलं," उल्का म्हणाली. "तुम्हीच मेसेज पाठवून कळवलंत."

तिने मोहरीच्या सॉसची रेघ ओढली, कांदा पसरला, टोमॅटोच्या फोडी खोचल्या. एकेक गोष्ट तिने जागच्या जागी ठेवली. सेलेरीचं मीठ भुरभुरलं. हरिहरकाका तिच्या हातांकडे बघत होते.

"मग करशील ना मोदक?"

"नाही, काका."

"अगं, पण आता मीच सांगतोय ना!"

"म्हणूनच नाही."

"काय म्हणतेय ती?" उंच सहकाऱ्याने विचारलं.

"काही नाही, घरच्यांची चौकशी करतेय," हरिहरकाका म्हणाले.

उल्काने तिन्ही हॉट डॉग पुढे सरकवले. "धरा लवकर. पाव ओला होतो."

हरिहरकाकांनी हॉट डॉग हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. सहकाऱ्यांनी पहिला घास घेऊन "लेकर!" म्हटलं, म्हणजे झकास, आणि ते यांच्याकडे बघत थांबले. दोन वर्षं शिकागोत काढलेल्या माणसाचं मत त्यांना हवं होतं. काकांनी एकदा उल्काकडे पाहिलं. ती निवांत उभी होती. तिच्या हातात फोन नव्हता, चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि घास घेतला, मोठा.

घशाखाली उतरताना त्यांचे खांदे सैल झाले. दुसरा घास त्यांनी कोणी न सांगता घेतला. तिसऱ्याला पिवळा ओघळ मिशीतून हनुवटीवर आला आणि तिथून पांढऱ्या शर्टावर उतरला.

कागदी रुमालांची चळत उल्काच्या कोपराशी होती. तिने ती तशीच राहू दिली.

"ऑथेंटिक," बोटं चाटत हरिहरकाका सहकाऱ्यांना म्हणाले, आणि ऑफिसकडे वळताना सवयीने तिला म्हणाले, "येतो गं."

"या," उल्का म्हणाली.