बाहीतला मोर

"अगं, साडीच्या दुकानात टॅटू शोभत नाही. बाही खाली कर," शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं. तेव्हापासून केतकी भर मे महिन्यातही मनगटापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज घालून पैठण्या दाखवायची. तिने स्वतः रेखाटलेला, मान वेळावून बघणारा मोर आत घामाघूम व्हायचा.

आज एका नवरीला काहीच पसंत पडेना.

"सगळ्या पदरांवर तेच ते मोर!" ती कुरकुरली.

सोळाव्या पैठणीचा पदर खांद्यावर घेऊन दाखवताना केतकीची बाही कोपरापर्यंत सरकली. शेठनी डोळे वटारले.

नवरीने मात्र तिचा हातच धरला. "हा मोर पदरावर विणून मिळेल?"

शेठनी लगबगीने मोबाइल काढला.

"केतकी, बाही अजून वर घे गं! फोटोत विणकराला पिसारासुद्धा दिसला पाहिजे."