भुजंगरावांची बायको

"ही कोण आता?" मी खुर्चीत चुळबुळत पुटपुटलो.

माझा लाडका बोलका बाहुला, भुजंगराव, इतक्या वर्षांनी नव्या संचात परतला होता. पूर्वी तो बायकोची गाऱ्हाणी सांगायचा आणि अख्खं थिएटर खदाखदा हसायचं. बायको कधी दिसायची नाही. आता तीही बाहुली होऊन शेजारी बसली होती, उलट उत्तरं देत होती.

"आमटी अळणी? मग उठून मीठ घ्या की! का त्यालाही कुणीतरी पाठीत हात घालायला हवा?"

माझी बायको कुमुद फिसकन हसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतच राहिली. भुजंगरावाच्या प्रत्येक प्रयोगाला मी तिला आणायचो, ती नुसती बसून असायची. तिला विनोद कळत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

मध्यंतर होताच मी उठलो. "चल. पार विचका केलाय यांनी."

"तुम्ही व्हा पुढे," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "मी संपल्यावर येते."

मी बाहेर येरझाऱ्या घालत राहिलो. आतून हशा उसळला. त्यातलं तिचं हसणं कोणतं, ते मला ओळखता येईना.