सरांची सही

"अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे, आता थांबता येणार नाही," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. टेबलावर खुद्द आमचे विभागप्रमुख सर आडवे पडलेले. दुसरे सर्जन रजेवर. उरले मी, शेवटच्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर.

घामाघूम झालेले सर तशातही मला धीर द्यायला लागले. "घाबरतेस काय? तुझ्या वहीत एकशे दहा ऑपरेशनं आहेत, स्वतःच्या हातानं केलेली. पानापानावर माझी सही आहे. त्यात अपेंडिक्स किती?"

"तेहतीस, सर."

"मग झालं तर! तुझ्या डाव्या हातचा मळ."

मी मान खाली घातली. सरांचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडला.

"खरी किती?"

तीन वर्षं मी त्यांच्यासमोर उभी राहून नुसत्या जखमेच्या कडा ओढून धरल्या होत्या. सुरी मागितली की ते म्हणायचे, "आज घाई आहे गं, पुढच्या वेळी तू कर. वहीत मात्र लिहून टाक, मी सही करतो."

नर्सनं माझ्या तळहातावर सुरी ठेवली.

"सर, ती पुढची वेळ आज आलीय."