बंद पंखा

"काम कुठं करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरीच," सुदाम म्हणाला.

"आणि झोपता कुठं?"

सुदामनं बायकोकडं, मालनकडं पाहिलं. खोली एकच होती. तिथंच तो चपलांना सोल चिकटवायचा. वाऱ्यानं चिकटवायचं सोल्युशन वाळू नये म्हणून पंखा बंद ठेवायचा, आणि शेजारी बसलेली मालन पदरानं त्याचा घाम टिपायची. आता तिच्या शरीरात नवं रक्तच तयार होत नव्हतं. हा आजार लाखात एखाद्यालाच होतो, डॉक्टर म्हणाले. सोल्युशनच्या वासानंच झाला असं नक्की सांगता येत नाही, पण यापुढं तो वास घरात नको.

दुसरी खोली कुठली परवडायला! सुदामनं डबा, हातोडी उचलली आणि गल्लीत, समोरच्या भिंतीच्या सावलीत बैठक मारली. वाऱ्यानं सोल्युशन भराभर वाळायचं, सोल सुटायचा. तो पुन्हा लावायचा.

रक्त चढवून घरी आलेली मालन सवयीनं पदर हातात धरून त्याच्याकडं निघाली.

"तिथंच थांब!" तो ओरडला.

ती उंबऱ्यावर बसली. त्यानं बाहीनंच घाम पुसला.

"डाव्या कानामागं राहिलाय," ती तिथूनच म्हणाली.