लाल दिवा

लस टोचल्यावर कोणाच्या रक्तात गुठळ्या होतील, हे रक्ताच्या एका थेंबावरून सांगणारं यंत्र आरोग्य केंद्रात येऊन चार वर्षं झाली होती. अशा माणसाला वेगळ्या प्रकारची लस द्यायची असे. पण यंत्राचा धोक्याचा लाल दिवा कधी लागलाच नव्हता. जेलीबाईंच्या वेळी तो लागला, तेव्हा सिस्टर कुमुदिनी वळवींना यंत्र बिघडलंय असं वाटलं. त्यांनी ते बंद केलं आणि नेहमीचीच लस दिली.

दहाव्या दिवशी जेलीबाईंच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला.

महिन्याभराने कुमुदिनी त्यांच्या घरी गेल्या.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्ही लगेच दवाखान्याची गाडी बोलावली म्हणून मी वाचले," जेलीबाई म्हणाल्या. सून चहा करायला आत गेली.

कुमुदिनींना मान वर करवेना. "मावशी, यंत्राने नको म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही."

जेलीबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"हे सुनेला सांगा," त्या म्हणाल्या. "तिनेच हट्टाने मला लसीला नेलं होतं. तेव्हापासून ती धड जेवत नाही."

कुमुदिनी उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.